बियाण्याचं कोहळं

१

अख्खं कोहळं कापायचं तर भागाबाईच्या घरी टिकारामची वाट पाहावी लागे. बाईमाणसानं पहिली चीर पाडायची नाही. पुरुषाच्या हातानं एकदा विळा लागला, की मग फोडी करा, भाजी करा, नाही तर गूळ घालून बोंडं तळा, कोणी विचारत नाही. का म्हणून असं, तर कोहळं म्हणजे घरचा थोरला लेक, आणि लेकाच्या मानेवर माय विळा ठेवते का, एवढंच भागाबाईच्या सासूनं तिला सांगितलं होतं. नवरा होता तोवर नवऱ्यानं चीर पाडली. तो गेल्यावर टिकाराम हाताशी येईस्तोवर भागाबाईनं चार वर्षं घरात कोहळं शिजवलं नाही. शेजारच्या पुरुषाला हाक मारायची म्हणजे उपकार घ्यायचे, आणि भागाबाई कोणाच्या बापाची मिंधी नव्हती.

बाई कडकच होती. ताटात केस निघाला तर अख्खं ताट गाईपुढं. गडव्याला बोटाचा ठसा दिसला तर गडवा पुन्हा राखेनं घासायचा. घर सिंदीच्या रेल्वे लाइनीला लागून, इंजिनांची काजळी दिवसभर उडून यायची आणि भागाबाई दिवसभर ती पुसत राहायची. लोक हसत. हसू द्या, म्हणे, मी माझ्या घरात पुसते, तुमच्या घरात येऊन तर पुसत नाही.

चौपन्न सालच्या जेठात टिकाराम ते फळ घेऊन आला. तो मालधक्क्यावर कामाला होता. माल उतरला की रिकामे डबे झाडून काढायचे. अशाच एका डब्याच्या कोपऱ्यात ते पडलं होतं, एकटंच.

"कोनाचं हाये, कुठून आलं, काई पत्ता नाई," तो म्हणाला. "कोहळ्यावानी दिसते म्हून आनलं."

दिसत होतं खरं कोहळ्यासारखंच. पण लांबट होतं आणि रंग गव्हाळ. अंगावर बारीक लव होती. लव कोवळ्या कोहळ्यावरही असते, पण पिकताना ती झडून जाते, हे भागाबाईला कोणी शिकवायला नको होतं. तिनं सवयीनं नख लावून पाहिलं. नख रुतलं तर कोवळं, नाही रुतलं तर पिकलं. नख रुतलं नाही. बोट मोडून, दुमडल्या पेरानं वाजवून पाहिलं, टकटक. आवाजही पिकल्या फळाचाच होता. मग तिनं ते रांजणाखालच्या ओल्या वाळूत रात्रभर गारव्याला ठेवलं.

सकाळी कामावर जायच्या आधी टिकारामनं चीर पाडली. कोहळं कापताना कर्रकर्र आवाज होतो, तो झाला नाही. पातं सालीतून मोठ्या कष्टानं गेलं आणि मग खाली एकदम बसलं. आतला गर पांढरा होता आणि थरथरत होता. वास सुटला तो खरवसाचा.

"टाक फेकून," भागाबाई म्हणाली.

पण गंगानं, तिच्या सुनेनं, तोवर दोन बोटांनी गर उचलून तोंडात घातला होता. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि दोनदा पाचव्या महिन्यात तिच्या पोटातलं गेलं होतं. दुसऱ्यांदा गेलं ते कार्तिकात. तेव्हापासून पोरगी ताटावर बसायची आणि चार घास चिवडून उठायची. नातवाचं तोंड पाहायचं एवढी एकच गोष्ट भागाबाईला आता देवाकडं मागायची उरली होती, आणि ही तर वाळून काडी होत चाललेली. ती गंगा आज बोटं चाटून खात होती. भागाबाईनं फळ तसंच राहू दिलं.

"तुमीबी खा, आत्याबाई. लय गोड हाये."

पोरीचं मन मोडू नये म्हणून भागाबाईनं जिभेवर एवढासा गर ठेवला. तो कोमट होता. रात्रभर ओल्या वाळूत ठेवलेलं फळ कोमट कसं राहील, असं तिच्या मनात आलं, आणि सकाळचं ऊन लागलं असेल, असंही तिचं तिनंच म्हटलं. गर टाळूला सायीसारखा चिकटला. मग दाताला काही तरी लागलं. तिनं चिमटीत धरून ओढलं तर केस निघाला. बारीक, मऊ, बाळाच्या जावळाचा असावा तसा. ओढत गेली तसा येतच गेला, चांगला वीतभर.

ती न्हाणीत जाऊन ओकली. तीनदा राखेनं दात घासले. तरी टाळूवरची ती साय संध्याकाळपर्यंत गेली नाही.

२

बिया तीनच निघाल्या. गंगानं त्या राखेत घोळून ठेवल्या आणि मृग लागल्यावर न्हाणीमागं, जिथं आंघोळीचं पाणी मुरतं, तिथं पुरल्या. त्यातली एक रुजली.

आषाढात गंगाला दिवस गेले. भागाबाईनं वेलाला माफ करून टाकलं. माफ करायचं म्हणजे काय, ती न्हाणीमागं जायची बंद झाली. वेल कुडावरून चढला, छपराच्या कवेलूंवर पसरला आणि भादव्यात त्याला तीन फळं धरली. पान तुटलं तर देठातून पांढरा चीक यायचा आणि घडीभरात त्यावर साय धरायची. मुंग्यांची रांग त्या चिकाला लागलेली असायची. माशी मात्र त्या फळांवर बसताना भागाबाईनं कधी पाहिली नाही. सिंदीत माशी बसत नाही असं काही असू शकतं, हे तिला पटत नव्हतं.

एक दिवस शेजारची रुख्माबाई ताक मागायला आली आणि छपराकडं पाहून तिनं हात वर केला. "थे पाय वं भागाबाई, केवढं—"

"बोट मोड," भागाबाई कडाडली. "कोवळ्या फळाले सरळ बोट दाखवते का कोनी?"

रुख्माबाईनं जीभ चावली आणि बोट मोडून, पेर दुमडून, पुन्हा दाखवलं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. कोवळ्या फळावर सरळ बोट रोखलं की ते सडतं. भागाबाईला ते फळ नको होतं, पण घरचं फळ दुसऱ्याच्या बोटानं सडावं हे तिला चालण्यासारखं नव्हतं. शिवाय घरात पोटुशी पोर होती.

रुख्माबाई गेल्यावर गंगा म्हणाली, "बरं झालं तुमी टोकलं. याइले लय लौकर लागते."

"कोनाले?"

"फळाइले," गंगा म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

३

चौथ्या महिन्यात डोहाळे लागले, ते त्याच फळाचे. चिंच नको, आवळा नको, माती नको. पोटुशीचे डोहाळे मोडू नयेत, हेही सगळ्यांना माहीत असलेलंच. पहिलं फळ टिकारामनं उतरवलं, कामावर जायच्या आधी चीर पाडून दिली, आणि गंगानं ते चार दिवस पुरवून खाल्लं. दुसरं दसऱ्याला.

ते खाणं पाहवत नसे. चमचा नाही, वाटी नाही, चिरेत हात घालून खाई. कोपरापर्यंत ओघळ. मधेच थांबून तोंडातून एकेक केस ओढून काढी, बोटाला गुंडाळी आणि कोनाड्यात ठेवी. भागाबाई आपलं ताट घेऊन अंगणात जेवायची. तरी वास यायचाच. पाण्याला तो वास, भाकरीला तो वास, धुतलेल्या लुगड्याला तो वास. आंबटसर दुधाचा, बाळानं खांद्यावर गुळणी टाकल्यावर येतो तसा. बाळाच्या गुळणीचा वास भागाबाईला एके काळी गोड वाटला होता. टिकारामच्या वेळी. आता तिला कोरडे उमासे यायचे आणि त्याची तिला लाजही वाटायची.

पण बोलणार काय? पाचवा महिना लागला आणि सरला. काही झालं नाही. गंगाचे गाल भरले, अंगावर तुकतुकी आली, पोट दिसायला लागलं. ज्या महिन्याच्या भीतीनं भागाबाईनं देवीला नवस बोलून ठेवला होता तो महिना असा निघून गेला. रुख्माबाई म्हणायची, काय खाऊ घालून राह्यली वं सुनेले? भागाबाई म्हणायची, घरचंच.

दुसऱ्या फळाला चीर पाडल्यापासून टिकाराम मात्र जेवण उरकून बाहेरच जाऊन बसायचा. आठ दिवस असेच गेले. मग एका सकाळी पायताण घालता घालता खाली मान घालून बोलला.

"माय, आता मले चीर पाडाले नको सांगू."

"काऊन?"

"थे आंग चोरते."

"कोन आंग चोरते?"

"कोहळं. इळा टेकवला की आंग चोरते. पह्यले मले वाटलं हात हालला. मंग दुसऱ्या हातानं दाबून धरलं तं..." तो तळहात धोतराला पुसू लागला. पुसून झाला तरी पुसतच राहिला.

"खुळ्यावानी बोलू नको," भागाबाई म्हणाली. पण तिचा आवाज तिलाच नीट वाटला नाही.

४

तिसरं फळ उतरवायचं गंगानंच नको म्हटलं. "हे बियाण्याले ठेवलं," ती म्हणाली. त्यात वावगं काही नव्हतं. चांगलं फळ बियाण्याला वेलावरच ठेवतात. पहिली दोन गेली, तिसरं ठेवलं, असा हिशेब भागाबाईच्या मनात उगाच आला, आणि तो मनात आला म्हणून तिनं स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

फळ कवेलूंवर टेकलं की खालून सडतं, म्हणून गवताची चुंबळ करून खाली देतात. गंगानंही दिली. मार्गशीर्षात भागाबाई बाळासाठी शिवलेली दुपटी मोजायला बसली. जुन्या मऊ लुगड्यांची, हातानं टाके घातलेली सहा दुपटी. पाच भरली. सगळं घर धुंडाळलं. मग तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं शिडी लावली आणि छपरावर पाहिलं.

सहावं दुपटं फळाखाली होतं. नुसतं खाली नव्हतं, दोन्ही बाजूंनी वर घेऊन नीट गुंडाळलं होतं. भागाबाईनं एक टोक सोडून पाहिलं. फळ तोवर चांगलं हातभर झालं होतं. त्याची लव झडली नव्हती. वरच्या अंगाला, देठापासून लांबच्या टोकाला, ती वाढून काळी आणि ओलसर झाली होती आणि चिकटून बसली होती. दुपटं खालून भिजलेलं होतं. कशानं भिजलं होतं हे तिनं वास घेऊन पाहिलं, तर तान्ह्या पोरानं भिजवलेल्या दुपट्याचाच वास होता.

रागानं म्हणा, सवयीनं म्हणा, तिनं फळाला नख लावलं. हे अजून कोवळं होतं, नख रुतलं. नखाभोवतीची साल पांढरी पडली आणि भागाबाईनं बोट उचलल्यावर हळूहळू पुन्हा लाल झाली.

ती खाली आली. हात राखेनं घासले, चिंचेनं घासले. मनाशी म्हणाली, ऊन होतं, डोळ्यांपुढं अंधारी आली होती, म्हातारपण आलं.

रात्री जेवताना गंगा म्हणाली, "आत्याबाई, तुमी आज नख लावलं का?"

"तुले कोनं सांगितलं?"

"मले समजते." गंगा कुशीवर हात ठेवून, बरगडीच्या खाली, एकाच जागी खाजवत होती. "नका लावू. खपली धरते."

दुसऱ्या दिवशी भागाबाई पुन्हा शिडी चढली. नखाच्या जागी खरंच खपली होती, तांबूस, कडा सुटलेली. त्यावर कोणी तरी हळद भरली होती.

५

पौषात सगळ्या सिंदीतले वेल वाळले. रुख्माबाईनं आपल्या छपरावरची वाळकी दोरखंडं ओढून चुलीत घातली. भागाबाईच्या छपरावर पानं हिरवीगार होती. मालधक्क्यावर कापसाचा हंगाम भरात होता, टिकाराम सकाळी जायचा तो दिवेलागणीला अंगभर कापसाचे तंतू घेऊन यायचा. भागाबाईनं त्याला एकदा रेल्वेच्या फाटकाशीच गाठलं.

"थो वेल तोड."

तो अंगावरचे तंतू वेचत राहिला.

"म्या सांगून राह्यली तुले. मुळापासून तोड. घरात नाई घेऊन येत आपन असलं काई. मले घास जात नाई, टिका. मले माह्याच घराची शिसारी येते."

"मलेबी येते," टिकाराम म्हणाला. "तुले का वाटते, मले नाई येत? पन दोनदा गेलं, माय. या वख्ती टिकलं. कशानं टिकलं मले माहीत नाई, तुलेबी नाई. तोडलं अन् काई झालं तं तू काय करशीन? म्या काय करू?"

 दोनच महिने उरले, म्हणून भागाबाईनं दात आवळले. पण माघात गंगानं दुपारची झोप छपराखाली, बरोबर त्या फळाच्या खाली घ्यायला सुरुवात केली. आठवा सरत आला होता. ती पडल्या पडल्या वर पाहून काही तरी गुणगुणायची. भागाबाईनं एक दिवस कान देऊन ऐकलं. पाळणा होता. पोटावर हात ठेवून म्हणत असती तर काही नव्हतं. पोट एका अंगाला टाकून, हात वर करून, कवेलूंकडं पाहून म्हणत होती. आणि वरून, कवेलूंवर, काही तरी सावकाश कूस बदलल्यासारखा आवाज आला.

मांजर असेल. वानर असेल. भागाबाई बाहेर येऊन पाहते तर मांजरही नाही, वानरही नाही.

तेव्हा तिचं मस्तक फिरलं. वेल तोडायचा तर विळा लागतो, आणि फळ लागलेल्या कोहळ्याच्या वेलावर विळा उचलायला तिचा हात धजत नव्हता. सासूचा शब्द एवढ्या वर्षांचा. पण बोटाला कोणी काही म्हटलं नव्हतं. अंगणाच्या मधोमध भरउन्हात ती उभी राहिली, उजवा हात वर केला आणि तर्जनी सरळ, ताठ, त्या फळावर रोखली. लहान पोर होती तेव्हापासून जे कधी केलं नव्हतं ते केलं. खांदा दुखायला लागेपर्यंत हात खाली घेतला नाही.

"सड," ती म्हणाली. "माह्या नातवाच्या वाटचं सगळं तूच खाऊन राह्यलं. सड मेल्या."

काही झालं नाही. मालगाडी शंटिंग करत होती, बफर आदळल्याचा आवाज आला. भागाबाईला हसू आलं. म्हातारी बाई, अंगणात उभी राहून कोहळ्याशी भांडते. आत जाऊन ती पाणी प्यायली.

६

तिसऱ्या दिवशी डाग पडला. काळा, ओला, बोटाच्या पेराएवढा. शिडीवरून भागाबाईनं तो पाहिला आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्या दिवशी ती पोटभर जेवली. चौथ्या दिवशी डाग तळहाताएवढा झाला. त्यातून पातळ पाणी कवेलूंवरून खाली ठिबकू लागलं आणि जिथं ठिबकलं तिथलं सारवण भागाबाईनं उकरून फेकून दिलं.

गंगा भिंतीकडं तोंड करून पडली होती. त्या सकाळी ती उठलीच नाही.

"आत्याबाई," ती म्हणाली, "कोनी बोट दाखवलं का?"

"कोन दाखवते बोट. गार पडलं असन. थंडीनं डागते फळ."

"हो," गंगा म्हणाली. "इथंबी गार लागून राह्यलं मले." तिनं बरगडीखाली हात नेला.

भागाबाईनं तिचा पदर बाजूला केला नाही. पाहायचं होतं, पण केला नाही. ती घाईनं उठून न्हाणीत गेली आणि रिकामी बादली धरून उभी राहिली. आपण काय केलं हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळल्यासारखं झालं, आणि लगेच तिनं ते झटकून टाकलं. बोटानं काय होते, म्हणे. बोटानं काही होत असतं तर अर्धं गाव सडलं असतं.

दुपारी गंगाचं पाणी गेलं. नववा लागायला आठ दिवस होते. खोलीभर वास पसरला. तोच, कोमट, आंबट दुधाचा.

रुख्माबाई धावत जाऊन तानाबाईला घेऊन आली. तानाबाई म्हणजे पंचवीस वर्षं सुईणपण करत आलेली, टिकारामही तिच्याच हातचा. तिनं वास घेतला, नाक मुरडलं, विळा विस्तवावर धरला आणि भागाबाईला बाहेर पाणी तापवायला लावलं. दार ओढून घेतलं.

७

भागाबाई चुलीपाशी बसून ऐकत होती. पहिले गंगाच्या कळा, मग तानाबाईचा आवाज, जोर दे पोरी, आनखी जोर दे. मग गंगाची एक लांब किंकाळी, आणि ती तुटल्यावर सगळं शांत.

लेकराचा आवाज येईना. भागाबाईनं हात जोडले. जिवंत असू दे, म्हणाली, डाग असला तरी असू दे, लंगडं असू दे, मुकं असू दे, मी करीन त्याचं.

आतून आवाज आला तो वेगळाच होता. टकटक. जरा थांबून पुन्हा, दुसऱ्या जागी, टकटक. हा आवाज भागाबाईनं जन्मभर ऐकला होता. बोट मोडून, पेरानं वाजवल्याचा आवाज. तिच्या हातातलं फुंकणीचं नळकं खाली पडलं.

दार उघडून तानाबाई उंबऱ्याशी आली. हात कोपरापर्यंत ओले. त्यांना चिकटलेले बारीक काळे केस ती एकेक करून सोडवत होती.

"घरात पुरुष हाये का?"

"काऊन? नाळ तं तूच कापते."

"नाळ कापली म्या. देठ लय निबर होता, पन कापला." आपण काय बोललो ते तानाबाईच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं तरी तिनं दुरुस्त केलं नाही. "लेकरू अजून गर्भाच्या पोतडीतच हाये, भागाबाई. पोतडीतले लेकरं म्या लय पाह्यले. नखानं टरकवते मी पोतडी. नख लावलं. रुतलं नाई."

"जितं हाये का?"

"अंदर हालून राह्यलं. पन एका आंगानं नासत चाललं, भरभर. लौकर काढा लागते." तिनं विळा भागाबाईच्या पायापाशी जमिनीवर ठेवला. "टिकारामले बलाव. मले नको म्हनू, अन् तूबी हात नको लावू. पह्यली चीर कोनाच्या हातानं पडते, तुले माहीत हाये."

रुख्माबाई फाटकाकडं पळाली. टिकाराम लाइन ओलांडून धावत आला तो डोक्यावर, भुवयांवर कापूस घेऊनच. भागाबाईनं पायानंच विळा त्याच्याकडं सरकवला. त्यानं मायच्या तोंडाकडं पाहिलं, विळा उचलला, आणि दोघं आत गेली.

खोलीत अंधार होता. गंगा बाजेवर पडून घामाघूम हसत होती. तिच्या पायांपाशी, सहा दुपट्यांपैकी एकात, काही तरी गुंडाळलेलं होतं. भागाबाईला त्याची फक्त एक बाजू दिसली. गव्हाळ, लवेची, दंवासारखे घामाचे थेंब धरलेली. ती बाजू वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. पलीकडून काळं पाणी दुपट्यात उतरत होतं.

टिकारामनं गुडघे टेकले. डावा हात पुढं नेला तसं ते अंग चोरून मागं सरलं.  एक बाजू नासलेली, दुसऱ्या बाजूला डोकं असेल, नाही तर छाती असेल, काय असेल ते कोणाला ठाऊक. 

"माय," तो म्हणाला, "कुठून कापू? लौकर दाखव."

भागाबाईला वाटलं, आपल्याला दिसतंय. मध्यावर, डागाच्या जरा अलीकडं, एवढ्याशा जागी, जिथं काहीच हलत नव्हतं. तिनं हात उचलला. तर्जनी सरळ झाली.

"आत्याबाई," गंगा हळूच म्हणाली, "बोट."

भागाबाईनं बोट मोडलं. पेर दुमडून तिनं हात तसाच पुढं धरला, आणि त्या दुमडल्या बोटावरून नेमकी कोणती जागा ते टिकारामला कळेना.

"कुठून, माय?" त्यानं पुन्हा विचारलं.